कमिशनराव, जरा मागे सरका

रा. रा. कमिशनराव यांस,



तुम्हाला हे पत्र उघड लिहायचं कारण एवढंच, की तुमच्याबद्दलचं बोलणं आजवर कायम कुजबुजीत झालं. प्लॉट दाखवणारा असो, विम्याचा एजंट असो, की जुन्या गाड्यांचे व्यवहार जुळवणारा. मधल्या माणसाला किती सुटले हे तिसऱ्याला कळू द्यायचं नाही, अशी आपल्याकडची रीत. आता मात्र तुम्ही घरोघरी पोचला आहात. पाककृतींचं चॅनल चालवणारी गृहिणी, मोबाइलची परीक्षणं करणारा कॉलेजातला मुलगा, पुस्तकांवर बोलणारे निवृत्त मास्तर, सगळे व्हिडिओच्या शेवटी म्हणतात, "लिंक खाली दिली आहे." त्या लिंकवरून कुणी खरेदी केली, की विकणारी कंपनी लिंक देणाऱ्याच्या खात्यावर तुम्हाला पाठवते. हाच ॲफिलिएटचा धंदा. मीही त्यातलीच. स्वयंपाकघरातल्या उपकरणांबद्दल मराठीत लिहिते, बोलते आणि खाली लिंक देते. त्यामुळे आपली गाठ रोजची.

माझी तक्रार तुमच्या असण्याबद्दल नाही. तुमच्यामुळे माझं वीजबिल निघतं. तक्रार तुमच्या मानपानाबद्दल आहे. या धंद्यात नवा माणूस आला, की त्याचा पहिला प्रश्न, "किती टक्के देतात?" कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक. म्हणून त्यांच्या जाहिरातीत तुमचा आकडा सर्वांत मोठ्या टायपात असतो आणि बाकीचं सगळं अटींच्या पानावर, डोळ्यांना ताण देणाऱ्या अक्षरांत. चार टक्के देणारा प्रोग्राम आणि बारा टक्के देणारा प्रोग्राम शेजारी ठेवले, तर दहांतले नऊ जण बाराकडे धावतात. तिथेच फसतात. त्यात तुमचा दोष नसेलही, पण तुमचं नाव पुढे करूनच हे होतं.

तुमचं घराणं जुनं आहे. बाजार समितीतली आडत, कापडबाजारातली दलाली, ही सगळी तुमचीच भावकी. इंटरनेटवर तुम्ही बस्तान बसवलंत ते नव्वदच्या दशकात. १९९४ च्या नोव्हेंबरात 'सीडीनाऊ' या अमेरिकेतल्या गाण्यांच्या दुकानाने ठरवलं, की संगीताबद्दल लिहिणाऱ्यांनी आपल्या दुकानाची लिंक द्यावी आणि सीडी विकली गेली तर वाटा घ्यावा. १९९६ च्या जुलैत ॲमेझॉनने 'असोसिएट्स' नावाने हाच डाव पुस्तकांसाठी मांडला आणि तो जगभर पसरला. दुकानदारांना हा प्रकार इतका का आवडला, ते उघड आहे. वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तर माल खपो न खपो, जागेचे पैसे मोजावेच लागतात. ॲफिलिएटमध्ये तो धोका कंपनीने लिंक देणाऱ्याच्या पदरात टाकलेला असतो. मिक्सर मी वापरून बघायचा, व्हिडिओ मी करायचा, लोकांच्या शंकांना उत्तरं मी द्यायची. आणि हजार माणसांनी लिंक दाबूनही कुणी पैसे भरले नाहीत, तर कंपनीचं काहीच जात नाही. तुमचा आकडा हा त्या धोक्याचा मोबदला आहे. मग धोका किती हे न पाहता मोबदला किती एवढंच विचारण्यात शहाणपण कसलं?

आता हिशेबच मांडते. आकडे समजुतीपुरते आहेत, पण पद्धत रोजच्या वापरातली आहे. समजा, चार हजारांचा एक मिक्सर आहे. तो सर्वांना माहीत असलेल्या मोठ्या ऑनलाइन दुकानात मिळतो. तिथे तुम्ही ४ टक्के, म्हणजे एका मिक्सरमागे १६० रुपये. तोच मिक्सर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरही मिळतो. तिथे तुम्ही १२ टक्के, म्हणजे ४८० रुपये. दोन्हीकडे मी हजार-हजार क्लिक पाठवले. मोठ्या दुकानात गिऱ्हाइकाचं खातं आधीपासून आहे, पत्ता भरलेला आहे, परत पाठवायची सोय माहितीची आहे; तिथे शंभरातल्या तिघांनी खरेदी केली, म्हणजे ३० मिक्सर. तीन परत आले. उरले २७, म्हणजे ४,३२० रुपये. कंपनीच्या साइटवर नव्याने नाव नोंदवा, ओटीपी टाका, पत्ता भरा; तिथे हजारांत सहाच जण शेवटपर्यंत टिकले आणि त्यातल्या एकाने दारात आलेलं पार्सल घेतलंच नाही. उरले पाच, म्हणजे २,४०० रुपये. तिप्पट दराने निम्म्याच्या आसपास कमाई.

धंद्यातले जाणते लोक म्हणून टक्के न विचारता शंभर क्लिकमागे हातात किती पडले ते विचारतात. वरच्या उदाहरणात मोठ्या दुकानाचं उत्तर ४३२ रुपये आणि कंपनीच्या साइटचं २४०. या मोजमापाला ईपीसी म्हणतात. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेलं 'कमिशन जंक्शन', म्हणजे आजचं 'सीजे', हे नेटवर्क तर आपल्या यादीत प्रत्येक कंपनीपुढे शंभर क्लिकमागची कमाईच छापतं. सूत्र सोपं आहे: तुमचा दर, गुणिले वस्तूची किंमत, गुणिले शंभरातले किती जण विकत घेतात ते (याला कन्व्हर्जन म्हणतात), आणि त्यातून परत आलेला माल वजा. चार गोष्टींत तुम्ही एक. बाकीच्या तिघांना कुणी नमस्कारही करत नाही.

कोल्हापूर-सांगलीकडचा ऊस उत्पादक हे आमच्यापेक्षा चांगलं जाणतो. कारखान्याने जाहीर केलेला भाव तो ऐकतो, पण तेवढ्यावर ऊस घालत नाही. काटा चोख आहे का, बिल कधी निघतं, हे तो गावात विचारून घेतो. कायद्याप्रमाणे १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत आणि ते प्रत्यक्षात कुठे मिळतात आणि कुठे लटकतात, हे त्याला तोंडपाठ असतं. टनाला शंभर रुपये जास्त सांगणारा, पण वजनात मारणारा आणि बिल थकवणारा कारखाना त्याच्या हिशेबी महागच. कमिशनराव, तुम्ही जाहीर झालेला भाव आहात. कन्व्हर्जन हा काटा आहे, आणि पेआउटची, म्हणजे पैसे खात्यात पडण्याची, तारीख हे बिल.

काट्यात कुठे मार बसतो, ते एकदा जवळून बघा. समजा, उमरग्यातली एक बाई दुपारी इन्स्टाग्रामवर माझा व्हिडिओ बघते आहे. मिक्सर तिला पटला आहे, घरातला जुना गेल्या आठवड्यात जळला आहे, म्हणजे गिऱ्हाईक पक्कं. ती लिंक दाबते. लिंक मोठ्या दुकानाच्या ॲपमध्ये न उघडता इन्स्टाग्रामच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे ती लॉगिन नाही. पासवर्ड आठवत नाही, कारण ॲपमध्ये तो कधी लागलाच नाही. ओटीपी मागवला, तो बघायला दुसऱ्या खिडकीत गेली, परत आली तर पान नव्याने लोड होतंय. चिकाटीची बाई म्हणून तिने मग कंपनीच्या साइटची लिंक दाबली. पिनकोड टाकला. तिथे लाल अक्षरं आली, 'या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही.' किंवा सेवा आहे, पण कॅश ऑन डिलिव्हरी नाही, आणि अनोळखी साइटला आधी पैसे द्यायला घरातून परवानगी नाही. तिने फोन ठेवला आणि संध्याकाळी चौकातल्या दुकानातून हप्त्यावर मिक्सर आणला. शिफारस माझी, विक्री दुकानदाराची. तुमच्या बारा टक्क्यांचे झाले शून्य रुपये.

यातली एकही अडचण तुमच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून मी कुठलाही प्रोग्राम घेण्याआधी गिऱ्हाईक होऊन बघते. आपलीच लिंक आपल्याच फोनवर, वायफाय बंद करून, तालुक्याच्या गावातल्या नातेवाइकाचा पिनकोड टाकून, पैसे भरायच्या पानापर्यंत न्यायची. तिथवर जाताना स्वतःलाच कंटाळा आला, तर आपले वाचक पोचणार नाहीत, हे समजावं. मुंबई-पुण्यातल्या कार्यालयात बसून काढलेलं कन्व्हर्जन उमरग्याला लागू पडत नाही.

तुमच्या बाजूनेही बोलते, नाहीतर म्हणाल एकतर्फी निकाल दिला. दर जास्त म्हणजे फसवणूकच, असं मुळीच नाही. घरघंटीचं उदाहरण घ्या. पंधरा-वीस हजारांची वस्तू. ती कुणी व्हिडिओ बघून त्या रात्री मागवत नाही. सासूबाईंना विचारलं जातं, शेजारणीकडे जाऊन तिच्या घरघंटीचा आवाज ऐकला जातो, पाडव्यापर्यंत थांबलं जातं. अशा वस्तूला मोठ्या दुकानाची चोवीस तासांची मुदत काय कामाची? ॲमेझॉनच्या नियमाप्रमाणे क्लिकनंतर चोवीस तासांत वस्तू कार्टमध्ये पडली, तर सुमारे तीन महिने तिची नोंद राहते; चोवीस तासांत पडली नाही, तर पुढे केलेल्या खरेदीशी लिंक देणाऱ्याचा संबंध संपला. त्याउलट घरघंटी बनवणारी एखादी कंपनी तीस दिवसांची मुदत देत असेल, फोन करून मराठीत माहिती देत असेल, तालुक्याला तिचा दुरुस्तीवाला असेल, तर तिथे हजारांतल्या पाचांनीच खरेदी केली, तरी वीस हजारांवर ८ टक्क्यांनी ८,००० रुपये होतात. मिक्सरच्या दुपटीला लागलेच. म्हणजे कन्व्हर्जनचा आकडाही एकटा घेऊन चालत नाही. वस्तू किती किमतीची, ती घ्यायला माणूस किती दिवस लावतो आणि तेवढे दिवस कंपनी माझं नाव लक्षात ठेवते का, हे एकत्र बघावं लागतं.

उलटही खरं. छोट्या, झटपट घ्यायच्या वस्तूला चोवीस तास पुष्कळ होतात. दिवाळीच्या तोंडावर सोऱ्याची लिंक दिली, तर माणूस त्याच दिवशी मागवतो, कारण चकल्या चार दिवसांवर आलेल्या असतात. शिवाय मोठ्या दुकानात गेलेला माणूस सोऱ्याबरोबर पणत्या, आकाशकंदील, मुलाचे बूटही घेऊन येतो आणि बऱ्याचदा त्या सगळ्या कार्टवर, प्रत्येक विभागाच्या ठरलेल्या दराने, तुम्ही हजर होता. सोऱ्यावर सुटणारे पाच-सात रुपये बघून नाक मुरडणाऱ्याला हे कळत नाही.

कन्व्हर्जनसुद्धा थोडक्या आकड्यांवर खोटं बोलतं, हेही नव्या मंडळींना सांगायला हवं. एखाद्या दुकानाचं खरं कन्व्हर्जन १ टक्का आहे असं धरा. शंभर क्लिक पाठवल्यावर एकही विक्री न होण्याची शक्यता साधारण ३७ टक्के असते. म्हणजे तिघांतल्या एकाला वाटेल, हा प्रोग्राम बोगस आहे, आणि तो चांगला प्रोग्राम सोडून जाईल. तीनशे क्लिकनंतर मात्र तीच शक्यता ५ टक्क्यांवर येते. तेव्हा निकाल देण्याआधी क्लिक पुरेसे साठू द्यावेत आणि तुलना एकाच हंगामात करावी. एका दुकानाचे दसऱ्यातले आकडे आणि दुसऱ्याचे पितृपक्षातले, अशी जोडी लावली तर उत्तर चुकणारच. नेटवर्कने छापलेली सरासरी कमाई बघतानाही हात राखून. त्या सरासरीत कूपन देणाऱ्या साइट्सही असतात आणि त्यांच्याकडे येणारा माणूस पाकीट हातात घेऊनच आलेला असतो. चटणी वाटायला कुठला जार चांगला, असं विचारत आलेला माझा वाचक त्या वेगाने खरेदी करत नाही.

आता तुमच्या मागे दडलेल्या अटींकडे वळते. दर १२ टक्के, पण 'फक्त नव्या ग्राहकावर'. दर १० टक्के, पण एका ऑर्डरवर कमाल शंभर रुपये. डॅशबोर्डवर तुम्ही दिसता, पण शेजारी लिहिलेलं असतं 'पेंडिंग'. परतीची मुदत टळेपर्यंत तुम्ही माझे नाही. एवढे रुपये साठल्याशिवाय खात्यात वळते करणार नाही, अशी किमान मर्यादा. काही ठिकाणी तर आधी स्वतःची परीक्षा द्यावी लागते: ॲमेझॉनच्या प्रोग्राममध्ये पहिल्या १८० दिवसांत किमान तीन विक्र्या झाल्या नाहीत, तर खातं बंद होतं. बघा, तुमचा दर ठरवणारी कंपनीसुद्धा माणूस पारखताना विक्रीच बघते.

सर्वांत मोठी अट तर बऱ्याचदा ठळक लिहिलेलीही नसते: शेवटच्या क्लिकवाल्याला सगळं. बहुतेक ठिकाणी गिऱ्हाइकाने पैसे भरण्याआधी शेवटची लिंक ज्याची दाबली, पूर्ण कमिशन त्याचं. आधी अर्धा तास समजावून सांगणाऱ्याला काही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये 'मेगालॅग' नावाच्या यूट्यूबरने 'हनी' या कूपन शोधून देणाऱ्या ब्राउझर एक्स्टेन्शनवर आरोप केला, की पैसे भरायच्या पानावर ते मूळ शिफारस करणाऱ्याची ओळख पुसून आपली लावतं. हनी ही पेपालची. सुमारे ४ अब्ज डॉलर मोजून घेतलेली. प्रकरण कोर्टात गेलं आणि मार्च २०२५ मध्ये गूगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठी ॲफिलिएट लिंकचे नियम कडक केले. तेव्हा दुकानाच्या पैसे भरायच्या पानावर 'कूपन टाका' अशी भली मोठी चौकट असेल, तर समजावं, की आपलं गिऱ्हाईक इथून कूपन शोधायला बाहेर पडणार आणि दुसऱ्याच्या लिंकवरून परत येणार. तुम्ही बारा असा नाहीतर वीस, पडाल त्याच्याच खिशात.

आणि तुमचा शब्द तरी पक्का कुठे असतो? एप्रिल २०२० मध्ये, सारं जग घरात कोंडलेलं असताना, ॲमेझॉनने अमेरिकेतले दर आठवड्याभराच्या सूचनेवर खाली आणले. फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानावर ८ चे ३ टक्के, किराण्यावर ५ चा १ टक्का. त्या दरांवर घर चालवणाऱ्यांनी केलं काय? ज्यांचे वाचक कोणत्याही दुकानात त्यांच्यामागे जायला तयार होते, त्यांनी लिंका बदलल्या. ज्यांनी फक्त दर बघून विषय निवडले होते, त्यांच्याकडे दरही उरला नाही आणि वाचकही. टक्के कंपनीच्या हातात आहेत. वाचकाचा विश्वास तेवढा आपल्या हातात.

हे सगळं कमी म्हणून की काय, तुमचं आणखी एक रूप फिरतं आहे: पन्नास टक्के, पंचाहत्तर टक्के. ई-बुक, ऑनलाइन कोर्स, सॉफ्टवेअर अशा मालात हे शक्य असतं, कारण एक प्रत जास्त विकली म्हणून बनवणाऱ्याचा खर्च वाढत नाही. अमेरिकेतल्या 'क्लिकबँक'वर ७५ टक्क्यांपर्यंतचे दर जुनेच आहेत. त्यात चांगला मालही असतो, हे कबूल. पण आपल्याकडे गावोगावी ऐकू येणारा प्रकार वेगळा: घरबसल्या पैसे कमवायला शिकवणारा कोर्स, तो विकत घ्यायचा आणि शिकायचं काय, तर तोच कोर्स दुसऱ्याला विकायला. तिथे वस्तूच नाही, फक्त तुम्ही आहात. नव्या माणसाच्या भरतीवर जुन्याला पैसे, ही साखळी भारतात १९७८ च्या प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायद्यापासून गुन्हा आहे आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली आहे. साधी कसोटी सांगते: तुम्हाला बाजूला काढल्यावर ती वस्तू कुणी विकत घेईल का? घेणार नसेल, तर तो ॲफिलिएट प्रोग्राम नव्हेच.

याच कसोटीची दुसरी बाजू माझ्यावर रोखलेली आहे. तुम्ही मिळणार नसाल, तरी मी ही वस्तू सुचवली असती का? अमेरिकेतलं 'वायरकटर' याच प्रश्नावर उभं राहिलं. २०११ साली सुरू झालेल्या या परीक्षणांच्या साइटची कमाई मुख्यतः ॲफिलिएटचीच. तरी त्यांचा नियम असा, की वस्तूची निवड होईपर्यंत लिहिणाऱ्यांना आणि संपादकांना कोणती कंपनी कमिशन देते हे कळू द्यायचं नाही. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती साइट सुमारे ३ कोटी डॉलरना घेतली. टाइम्सने तुमचे दर विकत घेतले नाहीत. दर तर कुणालाही मिळतात. लोक त्या साइटचं ऐकतात, याचे ते पैसे होते.

आमच्यासारख्या एकट्याने धंदा करणाऱ्यांना लिहिणारा आणि पैसे मोजणारा वेगळा ठेवता येत नाही. पण एक करता येतं. आधी वस्तू ठरवायची, कागदावर लिहायची, आणि मग ती कुठे कुठे मिळते ते शोधायचं. या क्रमाने गेलं, की तुमचा आकडा शिफारशीत लुडबुड करू शकत नाही. आणि वाचकाला तुमच्याबद्दल सांगून टाकायचं. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैशाचा संबंध असेल तर तो ठळक सांगावा, असं त्या म्हणतात; आणि शिफारस ज्या भाषेत त्याच भाषेत सांगावा, असं केंद्राच्या सूचना म्हणतात. मराठीत स्वयंपाक शिकवायचा आणि 'ॲफिलिएट लिंक' एवढं इंग्रजीत कोपऱ्यात टाकायचं, हे बसत नाही. 'या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं, तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत,' हे एक वाक्य पुरतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत दंड आहे. पण दंडाची भीती बाजूला ठेवली, तरी माझ्या अनुभवात सांगून टाकल्याने खरेदी कमी झालेली नाही. मराठी वाचकाला मधल्या माणसाने पैसे घेतल्याचं वाईट वाटत नाही, लपवल्याचं वाटतं.

तर कमिशनराव, यापुढची व्यवस्था अशी राहील. प्रोग्राम निवडताना मी आधी विचारेन, माझे वाचक ही वस्तू एरवीही घेतात का आणि मी ती घरात वापरेन का. मग त्यांच्या गावात ती पोचते का, परत घेतात का, पैसे भरायचं पान साधं आहे का. त्यानंतर मुदत, परतीचं प्रमाण, कमाल मर्यादा, पेआउटची तारीख. टीडीएस वजा जाता काय उरतं तेही. दलालीवरचा हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला, पण पॅन दिलेला नसेल तर २० टक्के कापला जातो. मग दोन प्रोग्राम एकाच हंगामात पुरेसे क्लिक देऊन चालवून बघेन आणि शंभर क्लिकमागे खात्यात खरोखर जमा झालेले रुपये एकमेकांशेजारी मांडेन. तिथे दोघं बरोबरीत सुटले, तरच तुमच्याकडे बघेन आणि ज्याचा दर जास्त त्याला पसंती देईन. रांगेत तुमची जागा ही आहे. शेवटची.

यात तुमचा अपमान नाही. हिशेबात तुम्ही लागताच; पण पहिल्या ओळीत बसलात की पुढची सगळी बेरीज चुकते. नव्याने या धंद्यात उतरणाऱ्यांनाही माझं सांगणं हेच: पहिल्या दिवशी दर विचारू नका, पहिल्या दिवशी वाचक ओळखा. वाचक ज्या दुकानात निःशंक मनाने पैसे भरतो, ते चार टक्के देणारं दुकान, तो जिथून रिकाम्या हाताने परततो त्या बारा टक्क्यांच्या दुकानापेक्षा केव्हाही किफायतशीर.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक लिंक देणारी